शहरातली मुले, खेड्यातली घरे

युद्धाचा इतिहास सांगायचा म्हटला की सेनापतींची नावे येतात, लढायांच्या तारखा येतात, कोणी किती मुलूख जिंकला याचा हिशेब येतो. आज मी तुम्हांला ज्या फौजेची हकीगत सांगणार आहे, तिला सेनापती नव्हता आणि तिच्यातले शिपाई होते पाच ते चौदा वर्षांचे. त्यांच्या खांद्यावर बंदूक नव्हती, दोरीने अडकवलेली पुठ्ठ्याची एक लहानशी पेटी होती. त्या पेटीत विषारी वायूपासून बचाव करणारा मुखवटा होता. कोटाच्या गुंडीला नावाची चिठ्ठी बांधलेली, हातात कपड्यांची पिशवी किंवा उशीच्या अभ्य्रात कोंबलेले बोचके, आणि बरोबर दिवसभराची शिदोरी. ही फौज लढायला निघाली नव्हती. ती लढाईपासून दूर निघाली होती.

ही गोष्ट इंग्लंडची आहे आणि ती सुरू झाली १ सप्टेंबर १९३९ रोजी, शुक्रवारी. त्याच दिवशी पहाटे जर्मनीच्या फौजा पोलंडमध्ये घुसल्या. इंग्लंडने युद्ध पुकारले ते ३ तारखेला. म्हणजे युद्ध पुकारण्याच्या दोन दिवस आधीच लंडन, लिव्हरपूल, मँचेस्टर, बर्मिंगहॅम, ग्लासगो अशा मोठमोठ्या शहरांतून मुलांच्या गाड्या सुटू लागल्या. अवघ्या तीन-चार दिवसांत सुमारे १४ लाख ७३ हजार माणसे सरकारी योजनेखाली हलवली गेली. त्यांत ८ लाख २७ हजार शाळकरी मुले होती आणि त्यांच्याबरोबर त्यांचे आईबाप नव्हते. शिवाय ५ लाख २४ हजार आया आणि त्यांची पाच वर्षांखालची मुले, सुमारे १३ हजार गरोदर बायका आणि ७ हजार आंधळी-पांगळी माणसे होती. या सर्वांना घेऊन जाणारे शिक्षक आणि मदतनीस होते १ लाख ३ हजार. ज्यांच्या गाठीला पैसा होता, ते तर सरकारची वाट न पाहता आधीच नातेवाइकांकडे किंवा खेड्यातल्या हॉटेलांत जाऊन राहिले होते. अशांची संख्या सुमारे २० लाख धरतात.

आता तुम्ही विचाराल, एकही बाँब पडण्याआधी एवढी घाई कशाला?

या घाईला कारण होते. पहिल्या महायुद्धात, १३ जून १९१७ रोजी, जर्मन विमानांनी भरदिवसा लंडनवर बाँब टाकले होते. पॉप्लर भागातल्या एका शाळेवर त्यातला एक पडला आणि १८ मुले ठार झाली. त्यातली बहुतेक पाच-सहा वर्षांची होती. पुढे एप्रिल १९३७ मध्ये स्पेनमधले गेर्निका हे गाव विमानांनी जाळून टाकले, त्याची छायाचित्रे साऱ्या जगाने पाहिली. इंग्लंडच्या तज्ज्ञांनी गणित मांडले की, युद्ध पेटले तर पहिल्या दोन महिन्यांतच सहा लाख माणसे विमानहल्ल्यांत मरतील. हे गणित फार चुकले. सबंध युद्धात, सहा वर्षांत मिळून, बाँबहल्ल्यांत सुमारे साठ हजार नागरिक दगावले. पण १९३८ साली हे कोणाला ठाऊक असणार? सरकारच्या डोळ्यांपुढे सहा लाखांचा आकडा होता.

म्हणून १९३८ च्या उन्हाळ्यात सर जॉन अँडरसन यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली. समितीच्या शिफारशींवरून पुढे देशाचे तीन भाग केले गेले. एक, जिथून मुले हलवायची ती शहरे. दोन, जिथे मुले ठेवायची ती खेडी आणि लहान गावे. आणि तीन, ज्यांना हलवायचेही नाही आणि ज्यांच्याकडे कोणी पाठवायचेही नाही असे मधले भाग. नियम मोठा चमत्कारिक होता. मूल पाठवायचे की नाही हे आईबापांच्या मर्जीवर, पण आलेले मूल ठेवून घेणे मात्र खेड्यातल्या घरमालकावर सक्तीचे. मुलांसाठी छावण्या बांधायला वेळ नव्हता आणि पैसाही नव्हता. तेव्हा लोकांच्या राहत्या घरांतच त्यांची सोय करायची, असे ठरले.

मग घराघरांची मोजणी सुरू झाली. स्त्रियांची एक स्वयंसेवी संघटना १९३८ सालीच निघाली होती. तिच्या कार्यकर्त्या आणि गावोगावचे अधिकारी वह्या घेऊन दारोदार फिरले. तुमच्या घरात खोल्या किती? माणसे किती? खोलीला एक माणूस हे प्रमाण धरून उरलेल्या जागेत पाहुणे बसवायचे. एक मूल ठेवले तर आठवड्याला साडेदहा शिलिंग आणि एकाहून अधिक ठेवली तर दर मुलामागे साडेआठ शिलिंग सरकार देणार. सगळे कसे चोख, कागदावर मांडलेले होते. खोल्या मोजल्या, डोकी मोजली, गाड्या मोजल्या. परके मूल घरात आले म्हणजे त्या घरातल्या बाईच्या मनाचे काय होते, आणि आईपासून दुरावलेल्या मुलाच्या मनाचे काय होते, याला मात्र त्या वह्यांत रकाना नव्हता. पुढची सारी कहाणी या न छापलेल्या रकान्याची आहे.

शिक्षक बंधुभगिनींनी या योजनेकडे विशेष लक्ष द्यावे असे मला वाटते, कारण तिचा कणा शाळा हाच होता. मुले एकेकटी पाठवली नाहीत. सबंध शाळा आपल्या मास्तरांसह आणि बाईंसह निघाली. उन्हाळ्याची सुट्टी चालू होती, तरी शिक्षकांना ऑगस्टच्या अखेरीस कामावर बोलावले आणि मुलांची तालीमही घेतली. आईबापांना यादी दिली होती. मुखवटा, आतले कपडे, रात्रीचे कपडे, मोजे, कॅनव्हासचे बूट, फणी, दात घासायचा ब्रश, टॉवेल, साबण, गरम कोट. ही यादी वाचून कित्येक आयांच्या पोटात गोळा आला, कारण यादीतले अर्धे सामान घरात नव्हते. गरम कोट एकच, आणि तोही थोरल्या भावाचा!

सकाळी मुले शाळेच्या अंगणात जमली आणि रांगा करून स्टेशनकडे निघाली. गाडी कुठे जाणार हे आयांना माहीत नव्हते. पुष्कळदा शिक्षकांनाही माहीत नसे. अनेक स्थानकांवर आयांना फलाटावर सोडले नाही, त्या फाटकाबाहेरच थांबल्या. मुलाजवळ तिकीट लावलेले एक पोस्टकार्ड दिलेले होते. तिकडे पोहोचल्यावर, ज्या घरी ठेवतील त्याचा पत्ता लिहून ते घरी टाकायचे. ते कार्ड येईपर्यंत दोन-तीन दिवस आपले लेकरू कोणत्या गावी, कोणाच्या छपराखाली निजले आहे हे त्या माउलीला कळायला मार्ग नव्हता.

पण सगळ्याच आयांनी मुले पाठवली असे समजू नका. योजनेत बसणाऱ्या शाळकरी मुलांपैकी निम्म्याहून थोडी कमीच निघाली. जे होईल ते सर्वांचे बरोबर होईल असे म्हणून बाकीच्यांनी पोरे पोटाशी धरून ठेवली.

गाड्यांची व्यवस्था मोठ्या शिस्तीने पार पडली. शहरे भराभर रिकामी करायची म्हणून येईल ती गाडी भरून सोडली जात होती. त्यामुळे मुले वेळेवर निघाली खरी, पण घोटाळा उतरण्याच्या ठिकाणी झाला. ज्या गावाने शाळकरी मुलांची तयारी केली होती तिथे तान्ही पोरे घेतलेल्या आया उतरल्या. एकाच शाळेच्या मुलांचे दोन-तीन तुकडे होऊन ती वेगवेगळ्या गावी गेली.

पुढे काय झाले ते त्या मुलांनी म्हातारपणीही विसरले नाही. गावच्या सभागृहात किंवा शाळेत मुलांना ओळीने उभे केले जाई आणि गावकरी येऊन आपल्या पसंतीचे मूल निवडून नेत. बाजारात जनावर पारखावे तसेच म्हणा ना! शेतकरी अंगापिंडाने धट्टाकट्टा पोरगा पाहत, म्हणजे शेतावर हाताशी होईल. घरकामाला मदत होईल म्हणून कोणी मोठी मुलगी नेई. नीटनेटकी, गोरीगोमटी मुले आधी संपत. बहीणभाऊ हात धरून उभे असत. एकालाच नेऊ म्हणणारे घर मिळाले की ते हात सुटत. आणि शेवटी उरत ती अशक्त, मळकट, नाहीतर रडून डोळे सुजलेली मुले. त्यांना घेऊन अधिकारी अंधार पडेपर्यंत दारोदार फिरत आणि कोणाच्या तरी गळ्यात बांधत. आपण कोणालाच नको होतो, ही गोष्ट सहा वर्षांच्या मुलालाही समजते.

सगळीकडे असेच घडले असे मात्र मी म्हणणार नाही. कित्येक गावांनी आधीच याद्या करून मुले नेमून दिली होती. कित्येक घरांनी चहा-पाव तयार ठेवून, बिछाना गरम करून मुलांची वाट पाहिली. अनेक ठिकाणी असेही दिसले की मोठ्या वाड्यांच्या मालकांनी सबबी सांगितल्या आणि दोन खोल्यांच्या मजुराच्या घराने एकाऐवजी दोन मुले घेतली.

पहिला आठवडा सरला आणि तक्रारींचा पाऊस सुरू झाला. मुलांच्या डोक्यांत उवा आहेत, अंगाला खरूज आहे, ती अंथरूण ओले करतात, पायांत धड बूट नाहीत, टेबलाशी बसून जेवायची सवय नाही, भाजी खात नाहीत, चिप्स मागतात. वर्तमानपत्रांतून पत्रे छापून आली, पार्लमेंटात चर्चा झाली. शहरातल्या आया पोरांना वळण लावत नाहीत, असा एकच सूर निघाला.

या तक्रारी खोट्या नव्हत्या, पण त्यांच्यामागे काय होते तेही पाहिले पाहिजे. सुट्टी असल्यामुळे कित्येक आठवडे शाळेत मुलांची वैद्यकीय तपासणी झाली नव्हती. पुष्कळ गाड्यांत शौचाची सोय नव्हती आणि प्रवास तासन् तास चालला होता. अंथरूण ओले करणे ही वाईट सवय नसून घाबरलेल्या मुलाचे ते मुके रडणे आहे, हे डॉक्टरांनी सांगितले. पण रोज सकाळी चादरी धुणाऱ्या बाईला ते पटायला वेळ लागला. आणि बूट का नव्हते? बापाला काम नव्हते म्हणून. १९३० नंतरच्या मंदीत बंदरांवरची आणि गिरण्यांतली लाखो माणसे बेकार झाली होती, त्यांची ही मुले होती.

दुसऱ्या बाजूनेही तक्रारी होत्याच, बरे का! शहरातून आलेल्या आयांना खेडे म्हणजे वनवास वाटला. विजेचे दिवे नाहीत, पाणी विहिरीवरून किंवा पंपावरून आणायचे, शौचाला परसात जायचे, सिनेमा नाही, कोपऱ्यावर दुकान नाही, आणि रात्रीचा काळोख असा की डोळ्यांत बोट घातले तरी दिसू नये. दोन बायका एका चुलीवर कशा नांदतात हे मी तुम्हांला सांगायला नको. लिव्हरपूलची मुले वेल्स प्रांतात गेली, तिथे तर भाषाच वेगळी. घरात, दुकानात, प्रार्थनेत सगळीकडे वेल्श. बिचारी मुले पहिले काही दिवस खाणाखुणांवर जगली. पण मूल हे मूलच असते. वर्ष-दीड वर्षात त्यांतली कित्येक वेल्श बोलू लागली आणि त्या भाषेत गाणीही म्हणू लागली.

मुलांनी खेड्यात सुखही पाहिले. दूध बाटलीतून येत नाही, गाईच्या आचळातून येते, हे काहींनी तिथे प्रथमच पाहिले. सफरचंदे झाडाला लागलेली पाहिली. कापणीला हात लावला, कोंबड्यांची अंडी गोळा केली. चांगल्या हवेने आणि पोटभर जेवणाने वजने वाढली. गावची शाळा लहान असल्यामुळे सकाळी गावची मुले आणि दुपारी शहरची मुले अशा पाळ्या लागल्या. उरलेल्या वेळात मास्तर मुलांना घेऊन रानात जात, ओढ्याकाठी धडे घेत. त्या शिक्षकांचे काम घंटा झाल्यावर संपत नव्हते. कोणाचे पत्र आले नाही, कोणाला त्या घरी मार बसतो, कोणाचे बूट फाटले, हे सर्व त्यांनाच पाहावे लागे. आईबापांच्या जागी तेच एक ओळखीचे माणूस उरले होते.

इकडे शहरांवर मात्र बाँब पडलेच नाहीत. सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला, नाताळ आला. घर सुनेसुने झाले होते. ऑक्टोबरअखेरीपासून सरकारने आईबापांकडून ऐपतीप्रमाणे आठवड्याला सहा शिलिंगांपर्यंत वर्गणी मागायला सुरुवात केली, तोही एक भार. एकेक आई गाडीत बसून गेली आणि पोराला घेऊन आली. जानेवारी १९४० पर्यंत एकट्या पाठवलेल्या दर दहा मुलांतली चाराहून अधिक परतली होती, आणि तान्ह्या मुलांसह गेलेल्या दर दहा आयांपैकी जवळजवळ नऊ परतल्या होत्या. शहरांतल्या शाळा तर बंद करून टाकल्या होत्या, इमारती हवाई बचावाच्या कामाला दिल्या होत्या. तेव्हा परतलेली आणि मुळात गेलीच नव्हती अशी लाखो मुले रस्त्यांवर उनाडक्या करीत हिंडू लागली. शाळेबरोबर शाळेतले दूध आणि डॉक्टरही बंद झाले होते.

सरकारने भिंतींवर चित्रे लावली. झाडाखाली आई बसली आहे, जवळ मुले खेळताहेत, आणि मागून हिटलरचे भूत तिच्या कानाशी लागून मुलांना परत ने असे सांगते आहे. चित्र प्रभावी होते, पण आईच्या मनाला असे धमकावून आवरता येत नाही. पुढे सरकारच्याच ते ध्यानात आले आणि आईबापांना मुलांच्या भेटीला जाण्यासाठी रेल्वेची स्वस्त तिकिटे मिळू लागली. भेट झाली की मूल शांत होई आणि आईही शांत होई. धमकीपेक्षा तिकीट उपयोगी पडले.

७ सप्टेंबर १९४० रोजी लंडनवर खरा मारा सुरू झाला आणि तो लागोपाठ ५७ रात्री चालला. पुन्हा गाड्या भरून मुले निघाली. १९४४ च्या जूनमध्ये वैमानिकाविना उडणारे बाँब येऊ लागले, तेव्हा तिसऱ्यांदा निघाली. काही मुलांनी तर तीन-तीन वेळा घर सोडले आणि तीन-तीन परक्या घरांचे उंबरठे पाहिले.

याच काळात मुलांना समुद्रापार, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका येथे पाठवण्याची एक सरकारी योजना निघाली. थोड्याच दिवसांत दोन लाखांवर मुलांसाठी अर्ज आले, प्रत्यक्षात गेली २,६६४. त्या योजनेचा शेवट ज्या आगबोटीने झाला, तिचे नाव होते ‘सिटी ऑफ बनारस’. नावाप्रमाणे ती हिंदुस्थानच्या वाहतुकीची बोट आणि तिच्यावरचे बहुतेक खलाशी हिंदी. १७ सप्टेंबर १९४० च्या रात्री अटलांटिक महासागरात जर्मन पाणबुडीने तिच्यावर टॉर्पेडो सोडला. योजनेतली ९० मुले बोटीवर होती, त्यांतली ७७ मेली. आपल्याकडच्या खलाशांपैकीही पुष्कळांना जलसमाधी मिळाली. एक होडी आठ दिवस समुद्रावर भरकटत राहिली. तिच्यात ४६ माणसे होती, त्यांत निम्म्याहून अधिक हिंदी खलाशी होते आणि सहा इंग्रज मुलगे होते. मेरी कॉर्निश नावाची संगीत शिकवणारी बाई त्या मुलांबरोबर होती. तिने मुलांचे हातपाय चोळून ऊब दिली आणि घोटघोट पाण्यावर दिवस काढत त्यांना रोज गोष्ट सांगितली. गोष्टीचा पुढचा भाग उद्या, असे सांगून तिने त्यांना उद्याची आशा दिली. आठव्या दिवशी विमानाने होडी पाहिली आणि ती सहाही मुले वाचली. पण मुलांना समुद्रापार पाठवणे यानंतर बंद झाले.

आणखी एक उदाहरण सांगतो. फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ गर्न्सी नावाचे ब्रिटिश बेट आहे. जून १९४० मध्ये जर्मन येणार म्हणून तिथली सुमारे पाच हजार शाळकरी मुले इंग्लंडला नेली. आठवडाभरातच बेट जर्मनांच्या हाती पडले. पुढची पाच वर्षे मुले इकडे आणि पुष्कळांचे आईबाप तिकडे. मधे फक्त रेडक्रॉसचा निरोप, तोही २५ शब्दांचा आणि पोहोचायला कित्येक महिने. १९४५ साली ती मुले परतली, तेव्हा पाच वर्षांची गेलेली दहा वर्षांची झाली होती. आपल्याला मिठी मारून रडणारी ही बाई कोण, असे वाटलेल्या मुलांच्या आठवणी पुढे नोंदल्या गेल्या आहेत.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. मुलांना पाठवले हे बरोबर झाले का?

युद्धात बाँबहल्ल्यांनी ब्रिटनमधली सुमारे ७,७०० मुले ठार झाली आणि जवळजवळ तितकीच जबर जखमी झाली. मुले शहरांतच राहिली असती तर हा आकडा निश्चित वाढला असता. तेव्हा योजनेने जीव वाचवले यात शंका नाही. पण जीव वाचवणे आणि मूल वाचवणे यांत थोडे अंतर आहे. डिसेंबर १९३९ मध्येच जॉन बोल्बी, डोनल्ड विनिकॉट आणि इमॅन्युएल मिलर या डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकात पत्र लिहून इशारा दिला होता की, दोन ते पाच वर्षांच्या मुलांना आईपासून तोडणे धोक्याचे आहे. अ‍ॅना फ्रॉइड आणि डॉरोथी बर्लिंगहॅम या दोघींनी लंडनमध्ये युद्धकाळात लहान मुलांसाठी पाळणाघरे चालवली. त्यांना असे दिसले की, आई जवळ असेल आणि ती स्वतः धीराची असेल तर मूल बाँबचा आवाजही सोसते, पण आई एकाएकी नाहीशी झाली तर शांत खेड्यातही ते खचते. केंब्रिजला आलेल्या मुलांची पाहणी सुझन आयझॅक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. त्यांतूनही हेच निघाले की घराचा धागा हा मुलाचा खरा आधार आहे. बहीणभाऊ एकत्र ठेवले, शाळा आणि शिक्षक जवळ राहिले, आईबापांची भेट होत राहिली, तर मुले टिकतात. या गोष्टी तुटल्या तर उत्तम जेवणानेही ती भरून निघत नाहीत.

पाठवलेल्या मुलांचे अनुभव एका मापाने मोजता येत नाहीत. काहींना त्या घरांत अशी माया मिळाली की पन्नास वर्षे पत्रे चालू राहिली, लग्नाकार्याला बोलावणी गेली. काहींनी मार खाल्ला, उपास काढले, शेतावर गड्यासारखे राबले, आणि घरच्यांना काळजी नको म्हणून पत्रात फक्त ‘मी मजेत आहे’ असे लिहिले. युद्ध संपल्यावर काहींना न्यायला कोणी आलेच नाही, कारण घर उरले नव्हते नाहीतर माणसे उरली नव्हती.

तरीही या साऱ्या उलथापालथीतून एक गोष्ट घडली आणि ती इतिहासात महत्त्वाची आहे. झोपडवस्तीतले दारिद्र्य पूर्वीही होते, पण ते शहराच्या मागच्या गल्लीत दडलेले होते. आता ते उवा आणि फाटके बूट घेऊन सुखवस्तू घराच्या स्वयंपाकघरात येऊन उभे राहिले. पहिली प्रतिक्रिया नाक मुरडण्याची झाली हे खरे. पण पुष्कळांनी पुढचा प्रश्नही विचारला. आपल्याच देशातली मुले अशी का? १९४३ साली स्त्रियांच्या एका अभ्यासगटाने ‘अवर टाउन्स’ नावाचा अहवाल प्रसिद्ध केला. आयांच्या आळसाबद्दल त्यात कठोर शब्द आहेत, पण दाटीची घरे, न्हाणीघराचा अभाव, तुटपुंजी मिळकत हेही त्यात मांडले आहे.

जुलै १९४० मध्ये गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांना स्वस्त किंवा मोफत दूध देणे सुरू झाले. शाळेतले जेवण त्या वेळी तीस मुलांत एकाला मिळत होते, ते १९४५ पर्यंत तिघांत एकाला मिळू लागले. १९४४ च्या शिक्षण कायद्याने दूध आणि जेवण पुरवणे हे कर्तव्यच ठरवले. १९४५ च्या कायद्याने दुसऱ्या आणि पुढच्या प्रत्येक मुलामागे आठवड्याला पाच शिलिंग भत्ता मंजूर झाला. त्यासाठी एलिनॉर रॅथबोन या बाई कित्येक वर्षे झगडत होत्या. जानेवारी १९४५ मध्ये एका शेतावर पालकांकडे सोपवलेला बारा वर्षांचा मुलगा मारहाणीने आणि उपासमारीने मेला. तो युद्धामुळे हलवलेल्या मुलांपैकी नव्हता. पण परक्या घरी ठेवलेल्या मुलांचा वाली कोण, हा प्रश्न त्यामुळे साऱ्या देशापुढे आला आणि १९४८ साली त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. हे सगळे केवळ या स्थलांतरामुळे झाले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. युद्धाची गरज होती, मजूर पक्षाचे राजकारण होते, जुन्या चळवळी होत्या. इतिहासकारांत याविषयी मतभेदही आहेत. पण ज्यांनी ती मुले डोळ्यांनी पाहिली, त्यांना पुढे ‘असे काही नाहीच’ असे म्हणता येईना, एवढे नक्की.

मंडळी, आपल्याकडे बाँब पडत नसले तरी मुलांवर घर सोडण्याची पाळी येतेच. पूर येतो, भूकंप होतो, दुष्काळात आईबाप कामासाठी दूर जातात आणि पोर नातेवाइकाकडे किंवा वसतिगृहात राहते. तुमच्यातल्या शिक्षकांच्या वर्गात असे एखादे मूल दरवर्षी येऊन बसत असेल. त्याच्या डोक्यात उवा असतील, ते कोणाशी बोलत नसेल, त्याचे अंथरूण ओले होत असेल. त्याला वळण लावायचे आहेच, पण ते काम दुसऱ्या दिवशी करता येईल. पहिल्या दिवशी त्याला त्याचे गाव विचारा, भावंडे किती ते विचारा, आणि घरी एक पत्र लिहायला मदत करा. त्या पत्रात ‘मी मजेत आहे’ एवढेच असेल, तर जरा जवळ बसून आणखी चौकशी करा. इंग्लंडमधल्या त्या लाख-सव्वा लाख शिक्षक-मदतनिसांपैकी ज्यांनी एवढे केले, त्यांच्या मुलांना पुढे म्हातारपणीही त्यांची नावे आठवत होती.